सात मतांनी मंजूर झालेलं क्रियापद

ऑगस्टचा पहिला रविवार, सकाळचे अकरा. ठिकाण आमच्या मुलुंडच्या सोसायटीचं ऑफिस, म्हणजे पंपरूमच्या शेजारची खोली. वादातली रक्कम अर्धा मार्क. हजर: नववीतल्या नऊ मुलांचे प्रत्येकी एक असे नऊ पालक आणि त्या मुलांना स्पॅनिश शिकवणाऱ्या बाई. मुलं हजर नव्हती, त्यांना गणिताचा क्लास होता.

मी या सोसायटीचा खजिनदार आहे आणि त्या नऊ मुलांतली एक माझी मुलगी. गळक्या टाकीवरून, पार्किंगवरून आणि कबुतरांच्या जाळीवरून झालेली भांडणं मी जवळून पाहिली आहेत. टाकी गळते हे मान्य व्हायला आमच्याकडे दोन पावसाळे लागले. पण अर्धा मार्क गळतोय म्हटल्यावर शनिवारी संध्याकाळी निरोप फिरला आणि रविवारी सकाळी सगळे अंघोळ करून हजर. वार्षिक सभेला कोरम भरत नाही म्हणून आम्ही अर्धा तास थांबतो आणि मग त्याच रिकाम्या खुर्च्यांसमोर सभा उरकतो. त्या रविवारी मात्र खुर्च्या कमी पडल्या. मी पेट्रोमॅक्सच्या जुन्या खोक्यावर बसलो.

आधी स्पॅनिश आमच्याकडे कशी आली ते सांगतो. मुलांच्या शाळेत आठवीपासून फ्रेंच, जर्मन किंवा स्पॅनिश घेता येते. मराठीही आहे, सक्तीची आहे, पण तिला नुसती ग्रेड मिळते, मार्क टक्क्यांत धरत नाहीत. ज्याचे मार्क धरत नाहीत तो विषय घरी बोलण्यापुरता ठीक, असं आमच्या इमारतीचं मत आहे. परकी भाषा स्कोअरिंग असते. फ्रेंच सगळेच घेतात, त्यामुळे तिच्यात पुढे जाणं अवघड. जर्मन घ्यावी तर तिला तीन लिंगं आहेत, मुलांना झेपणार नाही, असं पालकांनी ठरवलं. मराठीलाही तीनच आहेत आणि ती मुलांना चार वर्षांची असल्यापासून झेपते आहे, हे मी तेव्हा बोललो होतो. "तुमचं काहीतरीच असतं," असं मला सांगण्यात आलं. अशा रीतीने, कुणाचंही प्रेम नसताना, आमच्या दोन विंगांतली नऊ मुलं स्पॅनिशच्या पदरात पडली.

शाळेत स्पॅनिश शिकवत होते, पण शाळेत शिकवतात तेवढ्यावर विसंबून राहणारा पालक मुलुंडमध्ये मिळणार नाही. शिकवणी हवी. ती शोधायला लांब जावं लागलं नाही. बी विंगच्या तळमजल्यावर एक बाई भाड्याने राहायच्या. वय पंचावन्नच्या आसपास, एकट्या. चिलीहून तांबं मागवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी पंचवीस वर्षं पत्रव्यवहार सांभाळला होता. कंपनीने मुंबईचं ऑफिस बंद केलं, तेव्हा साहेबांच्या हातात पैसे राहिले आणि यांच्या हातात स्पॅनिश.

त्या गोड स्वभावाच्या वगैरे मुळीच नव्हत्या. पाच मिनिटं उशीर झाला की पोराला दारातून परत पाठवायच्या. मूल आजारी पडलं तरी फी कापायच्या नाहीत. पालक दारात रेंगाळले तर "काही राहिलंय का?" असं विचारून दार लावून घ्यायच्या. नऊ मुलांच्या फीतून त्यांचं घरभाडं निघायचं आणि महिनाभराचं जेवण. हे मला त्यांनीच सांगितलं होतं. दर अकरा महिन्यांनी त्यांचा भाडेकरार नवा व्हायचा, त्याला सोसायटीचं ना-हरकत पत्र लागायचं आणि ते माझ्या हातून जायचं. "नऊ मुलं आहेत तोवर मी मुलुंडमध्ये," त्या म्हणाल्या होत्या. "सहा झाली की मुलुंड संपलं. साधा हिशेब आहे, खजिनदार."

आता अर्धा मार्क. आमच्या मुलांच्या शाळेत प्रत्येक परीक्षेनंतर ओपन हाऊस असतं. तपासलेले पेपर पालकांना दाखवतात, पालक ते वाचतात आणि मार्क वाढवून मागतात. वर्सोव्याच्या कोळणीसमोर पापलेटाचा भाव विचारायची ज्यांची छाती होत नाही, ते लोक ओपन हाऊसला बाकाबाकावर वाकून पाव मार्कासाठी तासतासभर घासाघीस करतात. मास्तरीणबाई थकल्या की मार्क सुटतात. याला पालक 'रीचेकिंग' म्हणतात.

जुलैच्या चाचणीत इंग्रजी 'टेक' या क्रियापदाची दहा वाक्यं स्पॅनिशमध्ये करायला दिली होती. औषध टेक करणं, बस टेक करणं, आजीला डॉक्टरकडे टेक करणं, फोटो टेक करणं, अशी. शाळेच्या उत्तरसूचीत, जिला सगळे 'की' म्हणतात, फोटोसाठी 'साकार' हे क्रियापद होतं. आमच्या सेक्रेटरींच्या मुलाने 'तोमार' लिहिलं. अर्धा मार्क गेला, वीसपैकी साडेएकोणीस झाले आणि तो वर्गात दुसरा आला. तेही चाललं असतं. पण पहिला आलेला मुलगा समोरच्या टॉवरमधला निघाला, ज्या टॉवरमुळे आमच्या ए विंगला दुपारनंतर ऊन मिळत नाही. मग मात्र सभा बोलावणं भागच होतं.

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "मॅडम, सरळ प्रश्न विचारतो. टेकला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?"

"काय टेक करायचंय त्यावर आहे," बाई म्हणाल्या.

"समजा, काहीही."

"काहीही टेक करता येत नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?"

"मला पंधरा-वीस माहीत आहेत. तुम्हाला कुठलं हवंय?"

चौथ्या मजल्यावरचे एक पालक सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर आहेत. ते घरात डाळीला फोडणी देतानाही प्रोसेस म्हणतात. ते पुढे सरकले. "मॅडम, प्रॉब्लेम तोच आहे. एक इनपुट, पंधरा आउटपुट. अशी सिस्टिम स्टेबल राहू शकत नाही."

"वीसेक देश वापरतात. अजून पडलेली नाही."

"पण मुलांनी पाठ काय करायचं?"

"वाक्य वाचायचं."

यावर सगळ्यांनी एकमेकांकडे जसं पाहिलं, तसं पाहताना मी त्यांना फक्त दुरुस्ती निधी वाढवण्याच्या ठरावानंतर पाहिलं आहे.

बाईंनी मग सेक्रेटरींनाच धरलं. "तुम्ही फोटो काय करता हो?"

"काढतो."

"बस?"

"पकडतो."

"आईला डॉक्टरकडे?"

"नेतो."

"औषध?"

"घेतो."

"आणि अंधेरीला जायला दोन तास काय करतात?"

"लागतात. वीकडेला अडीच."

"इंग्रजीत हे सगळं टेक. तुम्ही पाच वेगळे शब्द वापरलेत, एकदाही न अडखळता. ते कुठल्या सभेत ठरले होते?"

 मला वाटलं मुद्दा पोचला. पण माणूस बारा वर्षं सेक्रेटरी आहे. "मॅडम, मराठीचं सोडा," ते म्हणाले. "मराठीला मार्क कुठे आहेत?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या सभेत इतकं एकमत मी पाहिलेलं नाही.

बाईंनी आणखी एक प्रयत्न केला. फोटोला साकार चालतं आणि तोमारही चालतं, चिलीत तर सर्रास तोमारच म्हणतात, मुलाचं उत्तर बरोबर होतं, शाळेने मार्क चुकीचा कापला. "मी शाळेला तसं लिहून देते," त्या म्हणाल्या. "अर्धा मार्क परत मिळेल."

इथे सभा संपायला हवी होती. ज्याच्यासाठी जमलो ते मिळत होतं. पण आमच्या लोकांना एकदा खुर्च्या मांडल्या की काहीतरी मंजूर केल्याशिवाय उठवत नाही. सेक्रेटरी म्हणाले, "आज फोटोचा सुटेल. उद्या छत्रीचा कापतील. एकेक करून कुठवर भांडायचं? पॉलिसी पाहिजे. टेकला एक शब्द फिक्स करा. दहाही वाक्यांत तोच. दहा मुलांनी दहा लिहिण्यापेक्षा सगळ्यांनी एकच लिहिला, तर शाळा काय सगळ्यांचे कापणार आहे?"

एवढं बोलल्यावर त्यांनी, माझ्या पंधरा वर्षांच्या इथल्या वास्तव्यात मी ऐकलेलं सगळ्यात थोर वाक्य उच्चारलं. "सूचक कोण?"

सूचक चौथा मजला. अनुमोदक ए विंगचे एक डेंटिस्ट. चर्चेला तीन शब्द आले: तोमार, आजीला डॉक्टरकडे नेण्याचं येवार, आणि साकार. येवार लगेच बाद झालं, कारण त्याचं स्पेलिंग दोन एलने सुरू होतं आणि उच्चार य होतो, म्हणजे पोरं चुकणार. तिसऱ्या मजल्यावरच्या भाभी म्हणाल्या, "अरे, साकार रखो ना! कितना अच्छा लगता है. शुभ है." त्या नावाची एक इमारत आमच्या पलीकडच्या गल्लीत आहे आणि तिथल्या फ्लॅटचे भाव चढे आहेत, हेही त्यांनी सभेच्या निदर्शनास आणलं. पण बहुतेकांना तोमार पसंत पडलं. लहान आहे, सरळ आहे, आणि मॅनेजरसाहेबांनी फोनवर पाहून सांगितलं की चालवायला सोपं आहे. जुनी स्कूटर घेताना म्हणतात तसं.

बाई हसल्या. त्या दिवशी एकदाच. "औषधाला बरोबर आहे. बसलाही चालेल. पण बुटांना लावलंत तर वाचणारा म्हणेल, पोराने बूट काढले की बूट प्यायले? पिण्यालाही तोमारच म्हणतात. आणि आजीला लावलंत तर आजीला कुणी पकडलं, असं विचारेल. विमानाला लावायला जाऊ नका, ते उडणारच नाही."

"परीक्षेत विमान उडवायचं नसतं, मॅडम," डेंटिस्ट म्हणाले. "मार्क घ्यायचे असतात."

मतदान हात वर करून झालं. तोमारच्या बाजूने सात. साकारच्या बाजूने एक, भाभी. तटस्थ एक, मी. मत देऊन शब्द ठरवावा की नाही याविषयी कुणी विचारलं नाही, त्यामुळे त्या मुद्द्यावर बाजूने आणि विरुद्ध दोन्हीकडे शून्य. इतिवृत्त मी लिहिलं. सोसायटीचं लेटरहेड समोरच होतं आणि अक्षर माझं बरं आहे.

"तर मॅडम," सेक्रेटरी म्हणाले, "सहामाहीपर्यंत हे एवढं करून घ्या."

"हे मी शिकवणार नाही."

"मग आम्ही मुलं कशासाठी पाठवायची?"

"नका पाठवू."

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. भाजीवाल्याने भाव सांगितला आणि आपण पुढे चालू लागलो, तसं म्हणाल्या. उरलेल्या ऑगस्टची फी बुधवारपर्यंत परत देईन असंही म्हणाल्या, खुर्ची होती तिथे सरकवून ठेवली आणि गेल्या. नऊतली किती उरणार, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं स्पष्ट फक्त मला दिसत होतं.

"इगो," मॅनेजरसाहेब म्हणाले.

घरी बायकोने विचारलं, "काय ठरलं?" ती एका विमा कंपनीत दावे तपासते. खोटं बोलणारा माणूस तिला फोनवरही ओळखू येतो. मी सगळं सांगितलं.

"तू कुणाला मत दिलंस?"

"तटस्थ राहिलो."

"तटस्थ म्हणजे काय रे? तू माणसांत होतास की खुर्च्यांत?"

"इतिवृत्त लिहिणाऱ्याने—"

"कुठल्या खुर्चीत होतास ते तरी सांग."

"खोक्यावर होतो," मी म्हणालो. खरं तेच होतं.

मुलगी आतून ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, "मी तिथेच जाणार हं. आधीच सांगून ठेवते."

"बाकीचे सगळे सोडतायत. परीक्षेत सगळे एक लिहिणार आणि तू एक."

"मग? त्या ओरडतात, पण वाक्य घेऊन ओरडतात. शाळेतली मिस ओरडत पण नाही, नुसती की बघते. मला आवडतं ना तिथे, यार. मार्कांचं जाऊ दे ना, बाबा."

'मार्कांचं जाऊ दे' हे वाक्य आमच्या घरात त्याआधी कुणी उच्चारलं नव्हतं. बायकोने भाजीची सुरी खाली ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जाऊ दे तिला. आणि मार्क गेले तर ओपन हाऊसला तू जा. खोकं घेऊन जा."

पुढच्या आठवड्यात आठ मुलं घाटकोपरच्या एका ऑनलाइन क्लासला लागली. तिथले सर फार लवचीक निघाले. सेक्रेटरींनी फोनवर ठराव वाचून दाखवला, तर ते म्हणाले, "नो प्रॉब्लेम, तुम्ही सांगाल तो शब्द." स्पॅनिशचा एवढा मनमोकळा शिक्षक मी ऐकला नव्हता. फी बाईंपेक्षा थोडी जास्त होती, पण तीत आठवड्याचा प्रगती अहवाल मिळायचा. सेक्रेटरींच्या मुलाची प्रगती सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शंभर टक्के झाली. तिसऱ्या आठवड्यात एकशे चार.

बाईंनी नवीन मुलं मिळवायचा प्रयत्न केला. गेटजवळच्या फलकावर एक कागद लावला. तो दुसऱ्या दिवशी काढला गेला, कारण फलक सोसायटीच्या सूचनांसाठी आहे. समोरच्या टॉवरमध्ये विचारलं, तर तिथे सगळे वर्ग त्यांच्या क्लबहाऊसमध्येच होतात आणि क्लबहाऊसला बाहेरचा शिक्षक चालत नाही. बाईंकडे आमची एक मुलगी उरली. तिला त्या पूर्वीइतक्याच ओरडायच्या. पूर्वी तो ओरडा नऊ जणांत वाटला जायचा. मी एकदा दुप्पट फी देऊ का असं विचारून पाहिलं.

"तुमची मुलगी दोन आहे का?" त्या म्हणाल्या.

"नाही."

"मग दुप्पट कशाची? आणि दुप्पट घेतली तरी भाड्याला सातजण कमीच पडतात. गणित तुमचं चांगलं आहे, खजिनदार. उगाच बिघडवू नका."

सहामाही झाली. दिवाळीनंतरच्या शनिवारी ओपन हाऊस होतं. स्पॅनिशच्या पेपरात पुन्हा टेकची दहा वाक्यं. मुलीने औषध, बस, टिपणं आणि खुर्ची यांना तोमार लिहिलं होतं. बाकी सहांना तिने वाक्य वाचून जे लागतं ते लिहिलं होतं. बुटांना कितार्से, आजीला येवार, छत्रीला येवार, विमानाला देस्पेगार, वेळेला तार्दार, फोटोला साकार. साही वाक्यांवर तांबडी फुली. दहापैकी चार. आमच्या सोसायटीतल्या बाकी आठ मुलांना दहापैकी दहा. त्या दहांत त्यांची आजी पकडली गेली होती, बूट प्यायले गेले होते आणि विमान धावपट्टीवरच होतं.

शाळेतल्या स्पॅनिशच्या बाई तरुण होत्या, तिशीच्याही नसाव्यात. डोळ्यांखाली काळं आलेलं. माझ्या मागे रांगेत चौदा पालक होते, प्रत्येकाच्या हातात पेन.

मी म्हणालो, "ही सहा वाक्यं बरोबर आहेत."

"हो सर," त्या हळूच म्हणाल्या. "बरोबर आहेत. सगळ्यांत चांगला पेपर हिचाच आहे. मी वाचला तेव्हा मला इतकं बरं वाटलं."

"मग मार्क?"

"कीमध्ये नाही बसत."

"जुलैत कीमध्ये फोटोला साकार होतं. हिने साकारच लिहिलंय."

"ती जुनी की, सर. नवीन कीमध्ये सगळीकडे तोमार आहे."

"मग की चुकीची आहे. बदला."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग ड्रॉवरमधून एक प्लास्टिकची फाइल काढली आणि तिच्यातला पहिला कागद माझ्यासमोर ठेवला. "की तुमच्याच सोसायटीची आहे, सर."

आमचं लेटरहेड. माझं अक्षर. टेक या क्रियापदासाठी यापुढे तोमार हाच शब्द ग्राह्य धरावा, सूचक, अनुमोदक, सात विरुद्ध एक, तटस्थ एक. खाली माझी सही, आणि तिच्या खाली शाळेचा शिक्का: अंमलबजावणीसाठी.

झालं होतं असं. सप्टेंबरमध्ये सेक्रेटरी मला सोडून बाकीचे सात पालक घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेले होते. मुख्याध्यापिकांना दर ओपन हाऊसला अर्ध्या मार्कांची भांडणं सोडवून वीट आला होता. नऊ सुशिक्षित कुटुंबांनी लेखी, सहीनिशी, भांडण कायमचं मिटवायचा उपाय आणून दिला. त्यांना स्पॅनिश येत नाही, ठराव वाचता येतो. उपनिबंधकांकडे आमच्या सोसायटीच्या ठरावांवर सहा-सहा महिने धूळ बसते. एका परक्या भाषेत मात्र आमचा ठराव पंधरवड्यात लागू झाला.

"तुम्ही का नाही बोललात?" मी विचारलं.

"मी काँट्रॅक्टवर आहे, सर." त्यांनी कागद परत फाइलमध्ये घातला. "आता तुम्ही या कागदाच्या विरुद्ध लेखी दिलंत, तर मी पुढे पाठवते. पण सर, यावर सही तुमचीच आहे, तर ते विचारतील."

मागचे गृहस्थ म्हणाले, "भाईसाब, जरा जल्दी करो ना. आमचा पण पाव मार्क आहे."

मी पेपरवर 'पाहिला' अशी सही केली आणि बाहेर पडलो. दारात सेक्रेटरी भेटले. मुलगा पहिला आला होता. टॉवरमधल्या मुलाच्या पालकांना ठराव माहीत नव्हता, त्यामुळे त्याचे पाच मार्क गेले होते. सेक्रेटरींनी माझा हात दाबला. "तुमच्या मुलीचं ऐकलं. वाईट वाटलं. पण तुम्हाला सांगत होतो, मेजॉरिटीबरोबर राहावं." ते मनापासून म्हणाले. सेक्रेटरी दुष्ट वगैरे अजिबात नाहीत. माझ्या सासऱ्यांना रात्री हॉस्पिटलमध्ये नेताना त्यांनीच गाडी काढली होती. त्यांना फक्त सगळ्याला एकच दर हवा असतो.

घरी मुलीने मार्क ऐकले आणि विचारलं, "सही तुझी होती?"

"हो."

"बाबा, तू ना, कमाल आहेस." थोडा वेळ ती आत जाऊन बसली. बायको भांडी आवरायला लागली, आणि त्या दिवशी भांड्यांचा फार आवाज झाला. संध्याकाळी मुलगी पेपर घेऊन तळमजल्यावर गेली. बाईंनी तो वाचला, साही फुल्यांवर पेन्सिलीने बरोबरच्या खुणा केल्या, आणि चार बरोबर वाक्यांतल्या एकात लिंग चुकलं होतं ते दाखवून अर्धा तास ओरडल्या. शाळेने त्याला पूर्ण मार्क दिला होता.

मी सोमवारी लेखी दिलं. शाळेला तो कागद पोचल्याची पोच आली. त्यापुढे आजतागायत काही आलेलं नाही.

बाईंचा भाडेकरार नोव्हेंबरअखेर संपत होता. ना-हरकत पत्र कुणी अडवलं नाही, तशी वेळच आली नाही. त्यांनी ते मागितलंच नाही. डोंबिवलीला बहिणीच्या शेजारी एक खोली मिळाली, भाडं इथल्या निम्मं. मुलीला शनिवारी फोनवर शिकवायचं ठरलं, एका मुलीच्या फीत. मी जास्त देऊ केली नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी टेम्पो आला. सामान फार नव्हतं. एक पलंग, एक कपाट, पुस्तकांची सात खोकी, आणि नऊ मुलं बसायची ती लांब सतरंजी, गुंडाळलेली. मुलगी खोकी उचलत होती. बाई तिला म्हणत होत्या, "पाठ वाकवू नकोस गं, गुडघे वाकव." सेक्रेटरी सकाळच्या फेरीत तिथे पोचले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "शिफ्टिंग चार्जेस घेतलेत ना?"

भाडेकरू घर बदलतात तेव्हा लिफ्टची झीज होते म्हणून आमची सोसायटी ही रक्कम घेते. मी म्हणालो, "तळमजला आहे. सामान खिडकीतूनसुद्धा देता आलं असतं. लिफ्टचा संबंध काय?"

"नियमात तळमजला वेगळा लिहिलेला नाही."

"लिहिलेला नाही, पण लिफ्टचीच झीज—"

"अहो, एकाला सोडलं की उद्या पहिला मजला म्हणेल आम्ही जिन्याने उतरवलं. मग कुणाकुणाचं वेगळं बघत बसायचं?"

मी म्हणालो की या मुद्द्यावर माझा लेखी विरोध नोंदवतो. ते म्हणाले, "नोंदवा ना. पुढच्या सभेत घेऊ. पण आज पावती फाडा."

बाईंनी हे ऐकलं होतं. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. "मी भरतो," असं मी म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खिशातला हात बाहेर काढला.

"पावती नीट लिहा," त्या म्हणाल्या. "कशाबद्दल, तेही लिहा."

मी लिहिलं. लिफ्टच्या वापराबद्दल, रुपये अडीच हजार, रोख. देणार तळमजल्यावरच्या भाडेकरू, मिळाले सोसायटीला. त्यांनी पाचशेच्या पाच नोटा दिल्या. मी त्या सवयीने दोनदा मोजल्या.